पाकिटावरची बाई कोणती?

चांदूर बाजार तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांच्या ताया, काकू आणि कानाशी मोबाईल धरून कार्यक्रम ऐकणाऱ्या आजीबाई, आज हप्ता, व्याज, कर्जफेड यातलं काही बोलायचं नाही. आज बोलायचं आहे चित्रांबद्दल. पाकिटावर, फलकावर, शिक्क्यावर, भिंतीवर जी चित्रं असतात त्यांच्याबद्दल. चित्रात काय एवढं, असं वाटेल. पण थोडं ऐका.

1951-52 साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं. म्हणून पक्षांना चिन्हं दिली. तेव्हापासून आपल्याला सवयच आहे, अक्षर कळो न कळो, चित्र कळतं. आणि चित्र जे सांगतं ते आपण भांडण न करता मनात ठेवून घेतो.

कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आपल्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. त्याच्यासोबत भिंतीवर चार चेहरे रंगवलेले असायचे: बाप, आई, एक मुलगा, एक मुलगी. निरोप लहान कुटुंबाचा होता आणि चांगलाच होता. पण जिला दोन्ही मुलीच झाल्या, तिने त्या भिंतीकडे पाहिलं तर तिचं घर त्यात कुठे होतं? तिला ते चित्र म्हणत होतं, तुझ्या घरात अजून एक कमी आहे. सासू बोलत होतीच, आता भिंतही बोलू लागली. कुणी हे मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. उलट, सर्व शिक्षा अभियानाचं चित्र पाहा. एकाच पेन्सिलीवर मुलगा आणि मुलगी बसले आहेत. ते चित्र करणाऱ्याने विचार केला होता.

आता शेतकऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. काय आलं? फेटा, धोतर, खांद्यावर नांगर, नाहीतर बैलजोडी. बरोबर ना? वावरात निंदण कोण करतं? सरकी टोबायला, कापूस वेचायला कोण जातं? पण बियाण्याच्या पिशवीवर, प्रशिक्षणाच्या फलकावर फेटेवाला उभा. सातबाऱ्यावर तर आपण कमीच. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायांची खाती 14 टक्क्यांच्या आसपास होती. आमच्यातली एक जण स्वतःच्या नावावरच्या वावराचं काम घेऊन एका कार्यालयात गेली, तर तिला सांगण्यात आलं, "शेतकऱ्याला पाठवा." ती म्हणाली, "मीच आहे." समोरच्या माणसाने कागद पुन्हा पाहिला. तो वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे शेतकरी म्हणून जे चित्र होतं, त्यात ही बसत नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या वर्षाचे फलक आपल्या गावात लागले तर त्यावर कोण उभं आहे ते जरूर पाहा.

2020 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दादर-माहीम भागातल्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलमध्ये पुरुषाच्या जागी बाईची आकृती लावली. आधी लाल-हिरव्या दिव्यात माणूसच चालायचा, आता बाई चालते. काहींनी हसण्यावारी नेलं, काही म्हणाले, आधी खड्डे बुजवा. खड्डे बुजवायलाच हवेत. पण एक काम राहिलं म्हणून दुसरं करू नये, हा हिशेब घरात आपण कधी लावत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. काही गटांनी मिळून पापड, मुगवड्या, सरगुंडे एकाच नावाने विकायचं ठरवलं. पाकिटाला लेबल हवं म्हणून छापखान्यात गेलो. तिथल्या पोराने कॉम्प्युटरवरची दहा-बारा तयार चित्रं दाखवली. सगळ्यांत बाई एकच. गोरीपान, वीस-बावीस वर्षांची, हिरवी नऊवारी, नाकात नथ, कपाळावर मोठी चंद्रकोर, हातभर चुडा. ती चित्रं मोबाईलमध्ये घेऊन बैठकीत दाखवली. एका काकूंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कोन्या गावची व बाई? हिनं पापड लाटले त नथ पिठात पडन ना!" सगळ्या हसल्या. मग मागून एक जण हळूच बोलली, "माह्या कपायाले त कुकू नाही. मंग या पाकिटावर मी कोनती?"

हसणं थांबलं. बैठकीत चौदा जणी होतो, त्यातल्या पाच जणींचे नवरे गेलेले. आपल्या वऱ्हाडात हे वेगळं सांगायला नको. पीठ मळण्यात, लाटण्यात, वाळवणाची राखण करण्यात याच पुढे असतात. पण प्रदर्शनात दुकान मांडायचा दिवस आला, उद्घाटन, ओवाळणी, हळदीकुंकू आलं, की आपोआप मागे सरतात. आता पाकीटही त्यांना मागेच ठेवणार होतं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव कागदावर होतो, पण कपाळाकडे पाहायची नजर तशीच राहते, आणि त्या नजरेला पाकिटावरची चंद्रकोर रोज पाणी घालते.

वाद दोन तास चालला. एक म्हणाली, गिऱ्हाइकाला सुवासिनीच लागते. दुसरी म्हणाली, "मंग आमचं कुकू पुसता काय?" तिचंही खोटं नव्हतं. कुणाचं काढून कुणाला द्यायचं नव्हतं. मग एकीने सुचवलं, माणूस नकोच, प्राणी ठेवू. लिज्जत पापडाचा ससा आहे ना! खरंच आहे. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन तो उद्योग सुरू केला, आणि टीव्हीच्या जाहिरातीत लोकांच्या लक्षात राहिला तो रामदास पाध्यांचा बाहुला ससा. सशाला जात नाही, कुंकू नाही, कुणाला राग नाही. पण आमचं मत असं पडलं की सशाने भांडण मिटतं आणि लाटणारी बाईही दिसेनाशी होते. एवढे हात राबतात, तर दिसू द्या ना.

शेवटी गटातल्या एकीच्या दहावीतल्या मुलीने साध्या काळ्या पेनाने चित्र काढलं. तीन बाया पापड लाटत आहेत. एकीला कुंकू आहे, एकीला नाही, आणि तिसरी खुर्चीवर बसली आहे, भिंतीला तिची कुबडी टेकवलेली. ती तिसरी खरोखर आमच्यात आहे, लाटण्यात तिचा हात कुणी धरत नाही. कुबडीवरून पुन्हा कुजबुज झाली, "दया मागतो असं वाटेल." आम्हाला तसं वाटत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिक-पॅरालिंपिकचं बोधचिन्ह म्हणजे लाल टोपीच्या आकाराचे दोन बाहुले होते, आणि पॅरालिंपिकच्या बाहुल्याच्या एका पायाला धावण्याचं कृत्रिम पातं होतं. दया कुठे, तो तर पळायला निघालेला! आणि लांब कशाला जायचं, आपल्याच तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज पाहा. तान्हेपणीच दृष्टी गेलेली. स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवायचे, कृष्णाला पती मानून कुंकू-मंगळसूत्र घालायचे. त्यांच्यापुढे आपण हात जोडतो. मग पाकिटावर कुबडीवाली बाई आली तर अडतं कुठे?

लेबलाचं बोलतच आहोत तर एक छोटी गोष्ट. पाकिटावर शाकाहारी मालाला हिरवा ठिपका असतो, तो तुम्हाला माहीत आहे. मांसाहारी मालालाही आधी ठिपकाच होता, फक्त तपकिरी. ज्यांना हे रंग वेगळे ओळखू येत नाहीत त्यांना दोन्ही सारखेच. 2020 च्या नियमांत मांसाहारी खुणेचा त्रिकोण केला, आता आकारावरूनही कळतं. एवढ्याशा ठिपक्याचं कुणीतरी बोललं, म्हणून ते बदललं.

आमचं लेबल एका रंगात छापलं, ते स्वस्तही पडलं. अमरावतीचा एक दुकानदार म्हणतो, नथवालीच जास्त चालेल. चालेलही. त्याला आम्ही सांगितलं आहे, आमचं पाकीट दिवाळीपर्यंत पुढच्या फळीवर ठेवून पाहा. विक्रीचा हिशेब जसा येईल तसा, कमी असो की जास्त, याच कार्यक्रमात सांगू.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या नव्या फलकाचं चित्र ठरायचं आहे. येताना आपापल्या गटाच्या फलकाचा, शिक्क्याचा, पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये आणा. छापखान्यातून तयार चित्र घ्यायच्या आधी ते बैठकीत सगळ्यांना दाखवा, आणि ज्या मागे बसतात त्यांना आधी विचारा, "यात तू दिसतेस काय?" ज्यांच्या घरी चित्र काढणारं लेकरू आहे त्यांनी त्यालाही सोबत आणावं, कागद-पेन आम्ही देऊ.