तंटा बाजारपेठांचा, भुर्दंड कापूस उत्पादकाला

(जालना शहरातील मस्तगड येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. परंतु बातम्या लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली, ती आपल्यापुढे मांडावी म्हणून उभा आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या पाळण्यात कापसाच्या पांढऱ्या सोन्याचा वाटा मोठा. पण त्या सोन्याचा भाव मोंढ्यात ठरत नाही. अठराव्या शतकात मस्तगडाची गढी बांधली गेली ती शत्रू वेशीवर येईल या भयाने. आजची चाल वेशीवर येत नाही. ती राजपत्रातील एका अधिसूचनेतून येते.

२०२५ सालचेच घ्या. मार्चमध्ये चीनने अमेरिकेच्या कापसावर १५ टक्के जादा शुल्क लावले. त्या कापसाला नवे गिऱ्हाईक हवे झाले. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. आपल्या कापड उद्योगाचे कंबरडे मोडू नये म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून स्थगित केले. मुदत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे दसरा-दिवाळीला वेचणी होऊन आपला कापूस घराबाहेर पडतो, नेमक्या त्याच काळात परदेशी कापसाला दार उघडे राहिले. त्यातच त्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्यात गेली होती.

या ११ टक्क्यांचा अर्थ काय? साधा हिशेब करू. समजा, परदेशी रुईची ३५६ किलोची एक खंडी ५० हजार रुपयांना बंदरात उतरली. शुल्क असते तर ती गिरणीला साडेपंचावन्न हजारांना पडली असती. फरक साडेपाच हजारांचा. एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. हा सारा फरक मागे सरकत शेतकऱ्यापर्यंत आला, तर क्विंटलमागे पाचशे रुपयांहून अधिक घट होते. खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा जाता शेतकऱ्याच्या हाती जे उरते, त्यातूनच ही रक्कम जाते.

गिरण्या चालल्याच पाहिजेत. तिथला कामगारही आपलाच बांधव आहे. प्रश्न इतकाच की, राष्ट्रावर आलेल्या आघाताचा भार कोणी आणि किती उचलायचा? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. २०१८ साली चीनशी शुल्कयुद्ध पेटले, तेव्हा तेथील सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलर आणि पुढच्या वर्षी १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. त्यात कापूसवालेही होते. भांडण सरकारने मांडले, भरपाईही सरकारनेच केली.

आणि हीच अमेरिका नोव्हेंबर २०१८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन गेली की, भारत कापसाला मर्यादेपेक्षा अधिक आधार देतो! ही मर्यादा कशी मोजतात ते ऐका. आजचा हमीभाव १९८६ ते १९८८ या काळातील गोठवलेल्या किमतीशी ताडून पाहतात. तेव्हा डॉलर १३ रुपयांच्या आसपास होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या मापाने आजचा खर्च मोजायचा, हा कुठला न्याय? भारताला पिकाच्या मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा. अमेरिकेला मात्र १९ अब्ज डॉलरहून अधिक अनुदानाची करारानेच मुभा.

मग या व्यासपीठावर न्याय मिळतच नाही का? ब्राझीलची कथा बोधप्रद आहे. २००२ साली त्याने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध दावा लावला. अनुदानामुळे जगातील भाव कसा पडला, याचे आकडे मांडले. २००५ साली अपिलातही तो जिंकला. अमेरिका दाद देईना, तेव्हा त्याने अमेरिकी मालावर प्रतिशुल्काची तयारी केली. अखेर २०१४ साली ३० कोटी डॉलर घेऊन तंटा मिटला. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनीही हेच गाऱ्हाणे मांडले होते. त्यांची बाजू न्यायाची होती, पण त्यांच्या पदरी मुख्यतः आश्वासनेच पडली. न्यायाला हिशेबाची आणि सामर्थ्याची जोड लागते, ती अशी. आता तर त्या संघटनेचे अपील मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडले आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नावर दोन विचार झाले. डंकेल प्रस्ताव आला तेव्हा दत्तोपंत ठेंगडी यांनी त्यात आर्थिक स्वातंत्र्यावरील संकट पाहिले. शरद जोशी यांनी खुल्या बाजाराचे स्वागत केले. भारतीय शेतकऱ्याला मिळते ती ‘उणे सबसिडी’, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मार्ग परस्परविरुद्ध, पण शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्याचा खर्च टाकू नये, याविषयी दोघांत दुमत नव्हते.

म्हणून मागणी नेमकी हवी. आयात शुल्काचा निर्णय पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि वेचणीच्या हंगामात तो बदलू नये. बदलणे अटळच असेल, तर पडलेल्या भावाची भरपाई त्याच अधिसूचनेसोबत यावी. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांवर गेला की कापूस परत येतो. अतिवृष्टीच्या वर्षी या अटीचा फेरविचार का होऊ नये?

आणि थोडे आपल्याकडेही. आपल्यापैकी किती जण एकरी खर्चाची वही ठेवतात? पीकपाहणीची नोंद वेळेवर करतात? ब्राझीलचा दावा आकड्यांवर उभा राहिला. आपले गाऱ्हाणेही वहीवर उभे राहू द्या. दिल्लीत आणि जिनिव्हात आपल्या वतीने बोलणाऱ्याच्या हाती जालन्याच्या शेतकऱ्याचा खरा हिशेब असेल, तर त्याचा आवाज निराळा असेल. येत्या हंगामापासून ती वही घराघरांत सुरू व्हावी, एवढे मागून थांबतो.