परत परत येणारें मनाचें दुखणें
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील कुटुंबांपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत एक दुःखाचा विषय आम्ही आपणांपुढें मांडीत आहों. कारण तें दुःख आपल्या घरांत आहे, आणि बहुधा दार लावून ठेविलेलें आहे. शरीराला हिवताप येतो, उतरतो आणि कांहीं दिवसांनीं पुन्हा भरतो. मनालाही तसें एक दुखणें जडतें. महिनेच्या महिने मनुष्य ठणठणीत असतो. मग त्याचें मन खोल विझतें, अथवा उलट भलतेंच पेटतें. आणि पुन्हा तो पूर्ववत् होतो. हिवतापाच्या रोग्यास कोणी पापी म्हणत नाहीं. मग या रोग्यासच आळशी, उधळ्या किंवा झपाटलेला कां म्हणावें?

सन १८५४ मध्यें पॅरिस येथील फाल्रे व बायार्जे या वैद्यांनीं दाखविलें कीं, उन्माद व विषाद हीं एकाच दुखण्याचीं दोन तोंडें असूं शकतात. सन १८९९ मध्यें जर्मनींतील क्रेपेलीन यांनीं हा रोग एका दिवसाच्या लक्षणांवरून नव्हे, तर त्याच्या वर्षानुवर्षांच्या चालीवरून ओळखण्यास शिकविलें. आज त्यास द्विध्रुवी विकार, अर्थात् बायपोलर, म्हणतात. ज्यांस केवळ विषादाचेच झटके येतात, त्यांचा विकार वेगळा गणतात.

दोन आठवडे अथवा अधिक काळ मन उदास, कशांतच गोडी नाहीं, झोप व भूक बिघडलेली, मरणाचे विचार, हा विषाद. आठवडाभर अथवा अधिक काळ मन अति उल्हसित किंवा चिडखोर, तीन तासांच्या झोपेनेंही थकवा नाहीं, बोलणें धांवतें, कर्ज काढून खरेदी, वाडी विकण्याचे बेत, ‘देवानें मलाच निवडलें’ अशी घमेंड, हा उन्माद.

रोगी डॉक्टरांकडे जातो तो बहुधा विषादाच्या दिवसांत. घरचीं माणसें आजची उदासी सांगतात. गेल्या वर्षींचा उत्साह सांगत नाहींत, कारण तो त्यांना रोग वाटलाच नव्हता. मग केवळ विषादावरचें औषध मिळतें, आणि त्यानें कधीं कधीं मन उन्मादाकडे उसळतें. या रोगाची खूण दाखविणारी रक्ताची तपासणी नाहीं. थायरॉईडची करतात ती दुसरें कारण वगळण्यासाठीं. म्हणून घरच्यांची साक्ष हेंच मोठें साधन होय. झटका केव्हां आला, किती दिवस राहिला, झोप किती होती, नातेवाइकांत आणखी कोणास असें होतें काय, हें एका वहींत लिहून डॉक्टरांपुढें ठेवावें.

आतां उपचार. सन १९४९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर जॉन केड यांनीं दहा उन्मादग्रस्त रोग्यांना लिथियम दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें डेन्मार्कमधील मोगेन्स स्कौ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, रोगी बरा असतांनाही हें औषध चालू ठेविलें तर पुढचे झटके टळतात अथवा विरळ होतात. आज इतरही औषधें आहेत. परंतु धडा तोच. पुष्कळ कुटुंबें येथेंच घसरतात: ‘मुलगा बरा झाला, आतां गोळ्या कशाला?’ अहो, तो बरा दिसतो तो बहुधा गोळ्यांमुळेंच. औषध कमी करणें तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें व हळूहळू. लिथियम एकाएकीं सोडल्यास रोग उलटण्याचा धोका वाढतो.

लिथियम घेणाऱ्याचें रक्त वेळोवेळीं तपासावें लागतें. जुलाब, वांत्या, फार घाम यांनीं शरीरांतील पाणी घटलें म्हणजे औषध रक्तांत सांचून विषारी होऊं शकतें. अंगदुखीच्या कांहीं गोळ्यांनींही तसें होतें. म्हणून उपवासकाळांत अशा मनुष्यानें पाणी व मीठ तोडूं नये. आजाऱ्यावर उपवासाचें बंधन नाहीं. मूल होण्याचा विचार असलेल्या बाईनें आधींच डॉक्टरांस सांगावें. जागरणानेंही उन्माद चेततो. तेव्हां महोत्सवाच्या तालमींतून अशा तरुणास वेळेवर घरीं पाठवा.

विषादांतील मनुष्य म्हणतो, ‘देवानें मला टाकलें.’ हें त्याचें नव्हे, रोगाचें बोलणें आहे. प्रार्थना अवश्य करा. परंतु पापनिवेदनाच्या आसनावर बसून आम्ही पापांची क्षमा देऊं शकतों. उन्माद उतरविण्याचें सामर्थ्य त्या आसनाला दिलेलें नाहीं. वैद्याचा मान राखण्यास बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय सांगतोच.

ज्या घरांतून कोणी स्वतःच्या हातानें गेला, त्या घरास दोन शब्द. तीव्र मनोव्यथेनें मनुष्याची जबाबदारी कमी होऊं शकते, आणि अशांच्या तारणाविषयीं आपण निराश होऊं नये, अशी सन १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाची शिकवण आहे. कायदाही बदलला: सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखालीं होता असें गृहीत धरून, शिक्षेऐवजीं उपचाराची वाट दाखविली. मरणाचें बोलणें कानीं आलें तर तें हंसण्यावारी नेऊं नका. त्या मनुष्यास एकटें सोडूं नका. सन २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे.

शेजाऱ्यांस हिवतापाचें दुखणें आपण सहज सांगतों. हेंही तसेंच सांगतां येईल, त्या दिवशीं बंद दारामागचा रोगी अर्धा एकटेपणांतून सुटेल. उरलेलें काम वही, गोळ्या आणि धीर यांचें आहे. प्रभु आपणां सर्वांस तो धीर देवो.