तयारीचा तास

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकांच्या वतीने दोन शब्द बोलण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली, याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. शिक्षक बोलायला उभा राहिला की तो मुलांना उपदेश तरी करणार, नाहीतर पगाराचे गाऱ्हाणे तरी सांगणार, असा आपला अनुभव असेल. आज मी या दोन्ही गोष्टी करणार नाही. शिक्षकाचा तयारीचा तास हरवत चालला आहे आणि त्यात शिक्षकापेक्षा आपल्या मुलांचेच अधिक नुकसान होत आहे, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम थोडा हिशेब सांगतो. मी सहावी, सातवी आणि आठवीच्या वर्गांना मराठी शिकवतो. आठवड्याला माझ्याकडे ३२ तासिका आहेत. पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली तर ते १८ तास ४० मिनिटे होतात. "एवढेच?" असे आपल्या मनात येईल, आणि ते साहजिकच आहे. पण तीन वर्गांत मिळून १८० मुले आहेत. आठवड्यातून एकदा प्रत्येकाची वही पाहायची आणि एका वहीला दोनच मिनिटे द्यायची, तरी ६ तास लागतात. प्रत्येक तासिकेसाठी वीस मिनिटांची तयारी धरली तर १० तास ४० मिनिटे झाले. म्हणजे एकंदर ३५ तास २० मिनिटे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास काम सांगितले आहे, आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. घरी किंवा शिक्षक-खोलीत बसून उद्याचा पाठ वाचणे, फळ्यावर काय लिहायचे ते ठरवणे, कोणत्या मुलाला कुठे अडते याचा विचार करणे, हे सारे कायद्याने कामच मानले आहे. आपल्या शाळा अल्पसंख्याक संस्थेच्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अशा संस्थांना लागू नाही असा निकाल दिला, आणि त्या निकालाचा फेरविचार व्हावा असे त्याच न्यायालयाच्या एका पीठाने २०२५ मध्ये सुचवले. तो वाद न्यायालयात होईल. आपण या ४५ तासांकडे एक माप म्हणून पाहू या. त्या मापाने मोजले तर माझ्याकडे आठवड्याला साडेनऊ तासांहून थोडा अधिक वेळ शिल्लक राहायला हवा. कच्च्या मुलांना जवळ घेऊन बसण्यासाठी आणि पालकांशी बोलण्यासाठी तो पुरेसा आहे. याच अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. माझ्या एकेका वर्गात साठ मुले आहेत. तरीसुद्धा घडी बसते. म्हणून शिकवण्याचे ओझे फार झाले असे मी म्हणणार नाही. मग वेळ जातो कुठे?

काही वेळ नोंदींत जातो. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसची माहिती, मुलांच्या आधार कार्डावरील नावांची दुरुस्ती, शिष्यवृत्तीचे अर्ज. आपल्या मुलांच्या नावांचे स्पेलिंग दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे असते. ते जुळवण्यात किती दुपारी जातात, हे इथे बसलेल्या कित्येक पालकांनी माझ्याबरोबर अनुभवले आहे. संगणक बंद, इंटरनेट मंद, आणि "आज सायंकाळपर्यंत माहिती भरा" असा निरोप. मागच्या महिन्यात भरलेलीच माहिती पुन्हा, फक्त रकाने वेगळे.

काही वेळ शाळेबाहेरच्या कामात जातो. नांदेडचे २०२४ हे एकच साल घ्या. जानेवारीच्या अखेरीस राज्य मागासवर्ग आयोगाचे घरोघरचे सर्वेक्षण झाले. त्यात शिक्षकांनाही प्रगणक म्हणून नेमले होते. २६ एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले. २० नोव्हेंबरला विधानसभेचे, आणि त्याच दिवशी नांदेडला लोकसभेची पोटनिवडणूकही. लातूरकरांचे लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले. प्रत्येक मतदानापूर्वी त्याचे वेगळे प्रशिक्षण असते. लोकशाहीचे काम शिक्षकाने आनंदाने केले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतील मदत ही कामे शिक्षण हक्क कायद्यानेही मान्य केलेली आहेत. मात्र निवडणुकीचे काम शक्यतो सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगितले आहे. आता २०२७ ची जनगणना आहे. तेही काम देशाचे आहे. त्या दिवसांत वर्गावर कोण जाणार, एवढाच प्रश्न आधी सुटलेला असावा.

परंतु मला खरी खंत वाटते ती प्रशिक्षणाची. कारण प्रशिक्षण हे आमचेच काम आहे, आमच्याच भल्यासाठी आहे, आणि तेच जर विस्कळीत झाले तर तक्रार कोणाकडे करावी?

एक अनुभव सांगतो. रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर निरोप आला की उद्या सकाळी साडेनऊला प्रशिक्षणास हजर राहावे. दुसऱ्या दिवशी माझ्या तिन्ही वर्गांत चाचणी ठेवलेली होती. ती रद्द झाली. केंद्रावर गेलो तर यादीत बदली होऊन गेलेल्यांची नावे होती आणि हजर असलेल्यांची नव्हती. पुस्तिका आलेल्या नव्हत्या. पहिले सत्र साडेअकराला सुरू झाले. दुपारी वीज गेली आणि पडद्यावरचे सारे पडद्यावरच राहिले. आम्हाला शिकवणारे सुलभक आमच्यासारखेच शिक्षक होते. त्यांना तोच विषय दोन दिवस आधी जिल्ह्याला कोणीतरी शिकवला होता. त्यांचा काहीच दोष नव्हता, उलट ते घसा कोरडा करून बोलत होते. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला विचारा, वरून सुटलेले पाणी त्याच्या वाफ्यापर्यंत किती येते! सायंकाळी हजेरीबरोबर अभिप्रायाचा अर्ज भरायचा होता. त्यात "प्रशिक्षण उपयुक्त वाटले" यासमोर खूण केल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नव्हता.

त्या दिवशी मी एक प्रश्न बरोबर नेला होता. तो आजही माझ्या वर्गात रोज उभा राहतो. आपली मुले घरी उर्दू किंवा दखनी बोलतात. शाळेत ती मराठी शिकतात. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. किताब स्त्रीलिंगी म्हणून मूल "माझी पुस्तक" असे लिहिते. घर पुल्लिंगी म्हणून "माझा घर" लिहिते. उर्दूतल्या "हम" या एका शब्दासाठी मराठीत कुठे "आम्ही" म्हणायचे आणि कुठे "आपण", हे त्याला कळत नाही. "ळ" त्याच्या जिभेवर बसत नाही. ही मुले आळशी नाहीत आणि मठ्ठ तर नाहीतच. ती आपल्या मातृभाषेच्या नियमाने बरोबरच चालतात. त्यांना मराठी शिकवण्याची रीत वेगळी असायला हवी. त्या दिवशी मात्र ज्यांची मातृभाषा मराठी आहे अशा मुलांसाठी बेतलेले प्रशिक्षण आम्हा सर्वांना सरसकट दिले गेले. माझ्या प्रश्नाला "तो आजचा घटक नाही" असे उत्तर मिळाले.

मित्रहो, याच प्रश्नावर कोणी आमच्याबरोबर दोन दिवस बसले असते, तर किती उपयोग झाला असता! आपली दखनी मराठीपासून फार दूर नाही. "ऐसाइच", "वोइच" म्हणताना आपण जो "च" लावतो तो मराठीतूनच आलेला आहे. या ओळखीच्या वाटेने मुलाला मराठीत नेता येते. तीन रकान्यांत नामे लिहायची, उर्दूचे लिंग आणि मराठीचे लिंग समोरासमोर ठेवायचे, रोज पाच शब्द. हे मी करून पाहिले आहे, आणि आठवीतली कित्येक मुले आता "माझे पुस्तक" लिहितात. हे मला प्रशिक्षणात मिळाले नाही. एका रविवारी सलग तीन तास निवांत मिळाले, तेव्हा सुचले. म्हणून म्हणतो, तयारीचा तास फार मोलाचा आहे.

धोरणांची उणीव आपल्या देशात कधीच नव्हती. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले की नोकरीच्या दर पाच वर्षांत प्रत्येक शिक्षकाला दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे. १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. नांदेड जिल्ह्याची नांदेडला आहे, लातूर जिल्ह्याची मुरुडला. २०२० च्या धोरणाने वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले. पन्नास तास काही फार नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला ठरवले तर ते वर्षभर पुरतील, आणि वर्षाअखेरीस घाईघाईने उरकले तर निव्वळ वाया जातील. किनवट-माहूरकडच्या शिक्षकाने तर नांदेडच्या प्रशिक्षणासाठी प्रवासातच दिवसाचा मोठा भाग घालवायचा असतो. त्याला काय मिळाले हे कोणी विचारायला नको काय?

लातूरच्या पालकांना मी एक आठवण देतो. १९८० नंतरच्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात ज्या पद्धतीने काम झाले, तिला पुढे साऱ्या महाराष्ट्राने "लातूर पॅटर्न" हे नाव दिले. लोक त्यात जादू शोधतात. पण त्यात मुख्य होते ते वेळेचे नियोजन: अभ्यासक्रम वेळेआधी संपवणे, वारंवार सराव चाचण्या घेणे. शिक्षक वर्गात असेल आणि तयारीने असेल तरच हे साधते. त्या नियोजनाला दुसरा पर्याय नाही.

आता, केवळ गाऱ्हाणे सांगून बसणे मला पटत नाही. म्हणून संस्थेकडे मी नम्रपणे चार मागण्या ठेवतो. पहिली, प्रत्येक शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तासिका "तयारी" म्हणून लिहाव्यात आणि त्या तासिकांना त्याला दुसऱ्या कोणत्याही कामाला पाठवू नये. दुसरी, ऑनलाइन माहिती भरण्यासाठी दोन शाळा मिळून एक जाणकार लिपिक नेमावा. तिसरी, नांदेड आणि लातूरच्या आपल्या शिक्षकांनी सत्रातून एकदा विषयवार एकत्र बसावे. प्रत्येकाने एक अडचण आणि एक जमलेला पाठ घेऊन यावे. त्याला ना पडदा लागतो ना पाहुणा. चौथी, शासनाकडून येणाऱ्या प्रशिक्षणांचे वेळापत्रक जूनमध्येच मिळावे आणि उर्दू माध्यमाच्या गरजा त्यात धराव्यात, असे संस्थेने दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण विभागाला लेखी कळवावे. एकटा शिक्षक बोलला तर ती कुरकुर ठरते, संस्थेने लिहिले तर त्याला उत्तर द्यावे लागते.

पालकांनाही एक विनंती आहे. आपण शाळेत येता आणि "आमचा मुलगा कसा आहे?" असे विचारता. ते जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा की या महिन्यात त्याच्या वर्गावर किती दिवस शिक्षक नव्हते, आणि का नव्हते? हा प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. आपण रोजंदारी करून, गाडा ओढून, शिलाई करून शिकवणीची फी भरता. शाळेतच नीट शिकवले गेले तर त्यातली बरीच फी वाचेल. तो पैसा आपल्या घामाचा आहे. हिशेब मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या बी.एड. करून याच खुर्चीवर बसाल. माझे बोलणे ऐकून घाबरू नका. मुलाला न येणारी गोष्ट आपल्या हातून येऊ लागली, यासारखा आनंद दुसऱ्या नोकरीत क्वचितच मिळतो. तो आनंद आम्हाला रोज मिळावा आणि त्याचा लाभ तुम्हाला व्हावा, एवढ्यासाठीच हा तयारीचा तास आम्ही मागत आहोत.