बंदूक कोणती घ्यावी?



आपल्या बॅचचे बरेच जण आज मंठा तालुक्यात शेती करतात. ‘रानडुकरांसाठी स्वस्तात कोणती बंदूक घ्यावी?’ असे ते मला विचारतात. मी सांगतो, एकनळी बारा बोअर. नळी एकच, फरक काडतुसाचा. आठ नंबरचे बारीक छरे लाव्याला, सहाचे तितराला, एलजीचे मोठे छरे डुकराला, असे जुने शिकारी निवडत.

पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ती शिकार बंद झाली. पिकात शिरलेल्या डुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. म्हणून आधी शस्त्रपरवाना, मग बंदूक, आणि चाप ओढण्याआधी वनखात्याचा कागद.

एक विनंती: कुंपणाच्या तारेत करंट सोडू नका. त्यात माणसं जातात. पुढच्या मेळाव्याला सगळे हवेत.