पोत्याचं वजन



वर्तमानपत्रात आपण एक बातमी नेहमी वाचतो. 'गांजा जप्त, एकास अटक.' सोबत फोटो असतो. समोर पोती, मागे पोलीस आणि मधे तोंडावर बुरखा घातलेला एक माणूस. त्या माणसाचं पुढं काय झालं, हे मात्र आपल्याला सहसा कळत नाही. कळलंच तर काही वर्षांनी, आतल्या पानावर, चार ओळींत. 'पुराव्याअभावी निर्दोष' किंवा 'दहा वर्षे सक्तमजुरी'. या दोन बातम्यांच्या मधे काय घडतं, ते मी एकदा जवळून पाहिलं. अशाच एका खटल्यात मी पंच होतो.

२०१२ सालचा पावसाळा. मी एका सरकारी कचेरीत कारकून. दुपारी पोलिसांचं पत्र आलं, छाप्यासाठी दोन पंच हवेत. अशा वेळी सगळ्यांनाच निकडीची कामं आठवतात. मी टेबलावर सापडलो.

हमरस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता. ड्रायव्हर पळून गेला होता. हाती लागला तो क्लीनर, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. कांद्याच्या गोण्यांखालून एक वेगळं पोतं निघालं. जवळच्या आडतीतून वजनकाटा आणला. पाऊस कोसळत होता, सगळ्यांनाच घाई होती. पोतं उचलून तसंच काट्यावर ठेवलं. भरलं वीस किलो चारशे ग्रॅम. पंचनामा झाला, नमुने काढले, लाखेची सीलं लागली, लेबलांवर आम्ही सह्या केल्या. घरी येऊन मी जेवलो आणि झोपलो. त्या चारशे ग्रॅमचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता.

अंमली पदार्थांविषयीचा आपला कायदा १९८५ सालचा. एनडीपीएस म्हणतात तो. सुरुवातीला हेरॉइन किंवा चरस सापडला, की थोडा असो वा पुष्कळ, शिक्षा किमान दहा वर्षं. अगदी अल्प माल स्वतःच्या वापरासाठी होता हे आरोपीनं सिद्ध केलं, तरच सवलत. २००१ साली कायदा बदलला आणि वजनाप्रमाणे तीन पायऱ्या झाल्या. गांज्याचंच घ्या. एक किलोच्या आत असेल तर आज जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला, की ती 'व्यापारी मात्रा'. शिक्षा किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत कितीही, पण किमान मर्यादा नाही. हेरॉइनला ही वरची रेघ अडीचशे ग्रॅमवर आहे आणि हल्ली गाजणाऱ्या एमडीला पन्नास ग्रॅमवर.

माल रेघेच्या वर गेला, की न्यायाधीशांचेही हात बांधले जातात. पोरगा गरीब आहे, पहिलाच गुन्हा आहे, माल दुसऱ्याचा आहे, हे सगळं पटलं तरी दहाच्या खाली येता येत नाही. जामीनही जवळजवळ बंद. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी आधी न्यायालयाची खात्री पटावी लागते. त्यामुळं तो पोरगा खटला उभा राहीपर्यंत तुरुंगातच होता.

२०१५ साली मला साक्षीचं समन्स आलं. दोन दिवसांनी त्या पोराची आई आमच्या घरी आली. कागदपत्रांतून तिनं माझं नाव मिळवलं होतं. ती माझ्या आईपाशी बसली. म्हणाली, "अम्मा, तुमच्या लेकाला एवढंच म्हणायला सांगा, आता आठवत नाही." दुसरीकडून निरोप आला, पंचनाम्यात आहे तेवढंच बोला, फाटे फोडू नका.

आई शाळेत गेली नव्हती. पण मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआनात एक अख्खी सूरा आहे, हे तिला ठाऊक होतं. त्या बाईला तिनं चहा दिला, वाटेला लावलं आणि मला म्हणाली, "जे पाहिलंस ते सांग. वर नको, खाली नको."

न्यायालयात मी पोराला ओळखलं. सह्या ओळखल्या, सील ओळखलं. पिंजऱ्यातून तो माझ्याकडं बघत होता. मग बचावाच्या वकिलांनी विचारलं, "वजन केलं ते पोतं काढून की पोत्यासकट?"

पंचनाम्यात यावर एक अक्षर नव्हतं.

"पोत्यासकट," मी म्हणालो.

"पोतं ओलं होतं?"

"पाऊस होता. ओलं होतं."

निकालात गांजा बाळगल्याचा गुन्हा शाबीत झाला. पण निव्वळ माल वीस किलोच्या वर होता, हे शाबीत झालं नाही. शिक्षा तीन वर्षं आणि दहा हजार दंड. तीन वर्षं त्यानं आधीच काढली होती. दंड भरून तो सुटला. आई माझ्यावर नाराज, कारण मी तिच्या पोराला ओळखलं. छाप्यातली माणसंही नाराज, कारण मी पोतं ओळखलं. पळालेला ड्रायव्हर आणि मालाचा धनी यांना त्या खटल्यात कुणी पाहिलं नाही.

आरोपी सुटला, की आपण म्हणतो, पळवाट काढली. मीही म्हणत असे. आता जपून म्हणतो. अंगझडतीआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे' असं सांगावंच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९९९ साली बलदेवसिंग खटल्यात स्पष्ट केलं. शिक्षा जितकी कडक, तितकी काळजीही कडक, हे त्यामागचं सूत्र. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढावेत, हे २०१६ साली पुन्हा बजावलं गेलं. १ जुलै २०२४ पासून तर नव्या संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रण बंधनकारक आहे. यातल्या प्रत्येक नियमामागं असंच कुठलं तरी ओलं पोतं असणार.

पण चित्रण झालं तरी पंच लागतोच. आपण जात नाही, म्हणून मग ठरलेले पंच येतात, न वाचता सह्या करतात आणि न्यायालयात फितूर होतात. त्यातून मोठा व्यापारी सुटू शकतो आणि एखादा क्लीनर दहा वर्षं आत जाऊ शकतो.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या कचेरीत कधी असं पत्र आलं, तर टेबल सोडून पळू नका. जा. सही करण्याआधी पंचनामा वाचा. आणि काट्यावर पोतं चढलं, की एवढंच म्हणा, "साहेब, आधी रिकाम्या पोत्याचं वजन करून घेऊ."