नाव जुने, इंजिन सामायिक

मोटारींचे शौकीन हल्ली एका वादात रंगले आहेत. 'सिएरा' हे जुने नाव टाटांनी २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा बाजारात आणले. परंतु तिचे डिझेल इंजिन 'कर्व्ह' या त्यांच्याच दुसऱ्या गाडीशी सामायिक आहे. तेव्हा ही खरी सिएरा नव्हे, असे एका पक्षाचे म्हणणे. जपानची 'सुप्रा' ही वेगवान गाडी २०१९ साली बीएमडब्ल्यूचे इंजिन घेऊन परतली, तेव्हाही हाच ओरडा झाला होता.

आम्हांला हा आक्षेप पटत नाही. १९९१ ची मूळ सिएरा तरी कोठे एवढी सोवळी होती? पुण्यात घडलेली ती गाडी 'टाटामोबाइल' या मालवाहू गाडीच्याच सांगाड्यावर नि इंजिनावर उभी होती. कोल्हापूरकरांना यात नवल वाटू नये. आपल्या उद्यमनगरात बनलेले एकाच जातीचे ऑइल इंजिन कोठे विहिरीचे पाणी उपसी, कोठे गुऱ्हाळाचा चरक फिरवी, तर कोठे पिठाची गिरणी चालवी. म्हणून गिरणीला कोणी गुऱ्हाळ म्हटले नाही!

मग सिएराचे सिएरापण कशात? छपरापर्यंत वळलेल्या त्या मागच्या काचांत आणि तीनच दारांच्या आटोपशीर बांध्यात. नव्या गाडीला दारे पाच. त्या अखंड काचेचा केवळ भास उरला आहे. भांडायचेच तर येथे भांडावे. इंजिन उसने चालते. रूप मात्र ज्याचे त्यानेच घडवावे लागते.