नळाआधीची पाळी

शेवगाव, पाथर्डी आणि ५४ गावांच्या प्रादेशिक योजनेला जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी मिळतं. पण जलाशयातलं पाणी थेट नळाला सोडत नाहीत. मध्ये जलशुद्धीकरण केंद्र असतं आणि तिथे पाळीवर असतो ऑपरेटर.

त्याचं खरं कसब तुरटीत आहे. पावसाळ्यात गढूळपणा तासागणिक बदलतो, त्यामुळे कालची मात्रा आज चालेलच असं नाही. म्हणून तो जार टेस्ट करतो. सारख्याच पाण्याच्या काही भांड्यांत तुरटीचं प्रमाण वाढवत न्यायचं, ढवळायचं, आणि कमीत कमी तुरटीत गाळ कुठे नीट बसतो ते पाहायचं. तुरटी कमी पडली तर गाळ वाळूच्या गाळणीपर्यंत जातो, गाळणी तुंबते, मग उलट्या प्रवाहानं ती धुवावी लागते.

त्यानंतर क्लोरीन. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. अमोनियात भिजवलेला बोळा धरला की गळतीपाशी पांढरा धूर दिसतो. क्लोरीनच्या खोलीत रात्रपाळी करणाऱ्याला चांगला मास्क आणि नियमित प्रशिक्षण मिळालंच पाहिजे, यात तडजोड नको.

पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर जंतू मरायला निदान अर्धा तास द्यावा लागतो. भारतीय मानकानुसार शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. तुमच्या गावातली ही तपासणी जलसुरक्षक करतात. त्यांना नोंदवही जरूर दाखवायला सांगा.